फोनची तार संगणकाला जोडताना

वळवाचा पहिला पाऊस झाला की दुरुस्तीवाल्यांची सुगी सुरू होते. काउंटरवर राउटर, मॉडेम, फॅक्स मशीन आणि मदरबोर्ड येऊन पडतात. गिऱ्हाइकाचे म्हणणे बहुधा एकच असते, ‘लाइट कमी-जास्त झाली आणि उडालं.’ दुरुस्तीवाला झाकण उघडून बघतो, तर पॉवर सप्लाय ठणठणीत. काळे पडलेले असते ते फोनच्या सॉकेटजवळ, नाहीतर लॅन पोर्टपाशी. म्हणजे बाधा झाली ती विजेच्या बोर्डातून नव्हे, फोनच्या तारेच्या वाटेने.

फोनच्या तारेला जोडलेले कोणतेही यंत्र दोन जमिनींच्या मध्ये उभे असते. एक जमीन टेलिफोन एक्स्चेंजची, दुसरी तुमच्या घरातल्या वायरिंगची. या दोन्ही एकमेकींपासून तोडून ठेवण्याची सोय कारखान्यातच केलेली असते. ती शाबूत ठेवणे आणि तिला झेपणार नाही एवढा ताण तिच्यावर येऊ न देणे, हे मात्र वापरणाऱ्याच्या हातात असते. पुढच्या सगळ्या सूचना या एकाच गोष्टीसाठी आहेत.

तारेत असते तरी काय?

तांब्याच्या जोडीवर एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट डीसी येत असतो. बॅटरीचे धन टोक एक्स्चेंजमध्ये जमिनीला जोडलेले असते, त्यामुळे लाइनवरचा दाब ऋण असतो. दमट जमिनीत तांबे लवकर गंजू नये म्हणून ही पद्धत पडली. रिसीव्हर उचलला की जोडीतून साधारण २० ते ४० मिलीअँपिअर प्रवाह वाहू लागतो आणि फोनपाशी दहाच्या आसपास व्होल्ट उरतात.

कोरड्या हाताला हे ४८ व्होल्ट सहसा जाणवत नाहीत. ओल्या हाताला किंवा बोटावर चीर असेल तर जाणवतात. खरा हिसका बसतो रिंग येते तेव्हा. त्या वेळी याच ४८ व्होल्टवर ७५ ते ९० व्होल्टचा, सेकंदाला २०-२५ आवर्तनांचा एसी चढतो. भारतातली रिंग ०.४ सेकंद वाजते, ०.२ सेकंद थांबते, पुन्हा ०.४ सेकंद वाजते आणि मग दोन सेकंद गप्प बसते. रोझेटमधली, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीतली, तार दाताने सोलणाऱ्याला हा ताल चांगलाच लक्षात राहतो. म्हणून रोझेट उघडण्याआधी लाइन बाहेरून सोडवून घ्यावी, आणि सोलायला दात वापरू नयेत.

हे झाले नेहमीचे. अधूनमधून येणारे पाहुणे दोन. एक म्हणजे खांबावर विजेची तार फोनच्या तारेला टेकणे. तसे झाले तर थेट २३० व्होल्ट जोडीवर येतात आणि तिथेच मुक्काम करतात. दुसरा पाहुणा म्हणजे आकाशातली वीज. ती तारेवर पडायलाच हवी असे नाही. किलोमीटरभर अंतरावर पडली तरी खांबावरून घरात येणाऱ्या लांबलचक ड्रॉप वायरमध्ये हजारो व्होल्टचा झटका उमटू शकतो. टेलिफोनची यंत्रे तपासताना प्रयोगशाळेत मुद्दाम असाच झटका देतात. तो १० मायक्रोसेकंदांत शिखरावर जातो आणि ७०० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येतो.

यंत्राच्या पोटातली फट

घरात जुने डायल-अप मॉडेम कार्ड पडले असेल तर उजेडात धरून बघा. फोनच्या सॉकेटभोवती मोजक्याच भागांचे एक बेट दिसेल. बेट आणि बाकीचे कार्ड यांच्यामध्ये काही मिलिमीटर रुंदीची पट्टी कोरी असते. तिच्यावर तांब्याची एकही रेघ नसते. ही पट्टी ओलांडणारे भाग जेमतेम तीन. पहिला ट्रान्सफॉर्मर. त्याची दोन वेटोळी एकमेकांना न टेकता चुंबकीय क्षेत्रातून आवाज पलीकडे पोचवतात. दुसरा ऑप्टोकप्लर. त्यात आत एक एलईडी आणि समोर प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर असतो. रिंग आली की एलईडी लुकलुकते आणि पलीकडच्या चिपला निरोप मिळतो. तिसरा रिले, लाइन ‘उचलण्यासाठी’. नंतरच्या कार्डांत ट्रान्सफॉर्मरच्या जागी उच्च दाबाचे छोटे कपॅसिटर आले, पण कोरी पट्टी तशीच राहिली.

या फटीला विलगीकरण म्हणतात. तिच्यावर साधारण १,००० ते १,५०० व्होल्ट मिनिटभर देऊन ती टिकते का ते बघतात. लॅन पोर्टमध्येही असाच ट्रान्सफॉर्मर असतो आणि तोही १,५०० व्होल्टच्या चाचणीतून गेलेला असतो.

फट दोन्ही बाजूंचे रक्षण करते. तुमच्या पॉवर सप्लायमध्ये बिघाड होऊन २३० व्होल्ट फोनच्या जोडीवर गेले, तर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. अमेरिकेत टेलिफोन कंपन्या ग्राहकाला स्वतःचे यंत्र लाइनला लावूच देत नसत, त्यामागे पुढे केलेल्या कारणांत हेही एक होते. म्हणूनच त्या काळी रिसीव्हर रबरी कपांत ठेवून शिट्ट्यांवाटे माहिती पाठवणारे मॉडेम निघाले. त्यात लाइन आणि संगणक यांच्यामध्ये फक्त हवा असे. तिथल्या दळणवळण आयोगाच्या १९६८ च्या कार्टरफोन निकालाने परक्या यंत्रांना दार उघडले, पण मध्ये विलगीकरण हवे ही अट कायम राहिली.

वीज येते कुठून, जाते कुठे

आता फट मोडते कशी ते पाहू. समजा, घराजवळच्या विजेच्या खांबावर वीज पडली आणि तिचा हजार अँपिअरचा एक हिस्सा तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उतरला. विजेच्या एका झटक्यात तीस हजार अँपिअरही असू शकतात, तेव्हा हजार म्हणजे किरकोळच. खड्ड्याचा रोध पाच ओहम असेल तर घराची ‘जमीन’ क्षणभर ५,००० व्होल्टवर चढते. फ्रिज, पंखा, संगणकाचे कॅबिनेट सगळे एकदम चढतात. पूर आला की होडीतले सगळेच पाण्याबरोबर वर जातात आणि कोणाला काही होत नाही, तसेच. पण फोनची जोडी दूर एक्स्चेंजला बांधलेली असते, ती वर येत नाही. मग मॉडेममधल्या १,५०० व्होल्टच्या फटीवर ५,००० चा ताण येतो आणि ठिणगी पलीकडे उडी मारते.

लॅन पोर्ट का जळतो याचे उत्तरही यातच आहे. राउटरचा ॲडॉप्टर दोन पिनांचा, त्याला अर्थ नाही. डेस्कटॉपचा प्लग तीन पिनांचा, त्याला अर्थ आहे. फोनच्या तारेवरून आलेला झटका राउटरमधून लॅन केबलने डेस्कटॉपकडे धावतो आणि वाटेत दोन्हीकडचे पोर्ट घेऊन जातो.

तीन गैरसमज इथेच बाजूला काढू. ब्रॉडबँडबरोबर मिळालेला स्प्लिटर संरक्षण देत नाही. तो आवाज आणि इंटरनेट वेगळे करणारा फिल्टर आहे, मॉडेमकडे जाणारी तार त्यातून सरळ पुढे जाते. साधा यूपीएस विजेच्या बाजूचे काम करतो, फोनच्या तारेशी त्याचा संबंध नाही. आणि बटण बंद करणे म्हणजे तोडणे नव्हे. बटण फक्त फेज तोडते, तेही काही मिलिमीटरच्या अंतराने. न्यूट्रल, अर्थ आणि फोनची जोडी जागच्या जागी राहतात.

अर्थिंग आधी, बाकी सगळे नंतर

डेस्कटॉपच्या कॅबिनेटला उघड्या जागी हात लागल्यावर झिणझिण्या येतात का? टेस्टर लावल्यावर दिवा मंद पेटतो का? तसे असेल तर तुमच्या सॉकेटात अर्थ नाही किंवा तुटलेला आहे. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटकडे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसला की कॅबिनेट निम्म्या दाबावर, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर तरंगते. प्रवाह अगदी थोडा असतो, त्यामुळे सहसा चटका बसत नाही. पण अशा कॅबिनेटवर एक हात आणि फोनच्या उघड्या तारेवर दुसरा हात ठेवलात, तर प्रवाहाला तुमच्या छातीतून वाट मिळते.

मल्टिमीटर असेल आणि वापरायची सवय असेल, तर सॉकेटात फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत काटा राहावा. फेज-अर्थ शंभराच्या आसपास भटकत असेल तर अर्थ तुटला आहे. आकडे बरोबर आले तरी खड्डा खरोखर दमदार आहे का, हे मीटर सांगत नाही. ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून योग्य यंत्राने तपासून घ्या, आणि मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारे स्विच) नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या. तिसरी जाड पिन कापून तीनचा प्लग दोनच्या भोकात घालणे हा घरोघरी चालणारा उद्योग बंद करा.

‘संगणकासाठी वेगळा अर्थ’ हा आपल्याकडचा लाडका सल्ला. ऑफिसच्या एका कोपऱ्यात विजेचा खड्डा, दुसऱ्या टोकाला संगणकाचा, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. एरवी काही बिघडत नाही. वीज पडते त्या क्षणी मात्र दोन खड्ड्यांत हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक सोसतात ती मधली यंत्रे. खड्डे दोन असले तरी चालतील, पण ते जमिनीतच जाड पट्टीने एकमेकांना जोडलेले आणि मुख्य अर्थ-पट्टीवर एकत्र आणलेले हवेत. फोनच्या संरक्षकाचा (सर्ज प्रोटेक्टरचा) अर्थही त्याच पट्टीवर न्यावा.

संरक्षक घेताना

दिवा लागणारी पाच सॉकेटांची पट्टी म्हणजे सर्ज प्रोटेक्टर नव्हे. वेष्टनावर संरक्षणाचा आकडा छापलेला आहे का, आणि फोन व लॅन यांची तारही त्याच डब्यातून आत-बाहेर जाते का, हे बघा. एकाच डब्यातून वीज आणि फोन दोन्ही गेल्यावर झटक्याच्या क्षणी दोन्ही एकाच अर्थाला बांधले जातात आणि यंत्रावर फरक पडत नाही. विजेला महागडा संरक्षक लावून फोनची तार मोकळी सोडली, तर पैसे निम्मे वाया गेले म्हणून समजा.

संरक्षक झटका गिळत नाही, अर्थाकडे वळवतो. अर्थच नसेल तर वळवणार कुठे? आणि अर्थाची तार आखूड हवी. सरळ तारेच्या एका मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. मायक्रोसेकंदाला हजार अँपिअरने वाढणारा प्रवाह त्यातून गेला, तर मीटरमागे हजार व्होल्ट उभे राहतात. पाच मीटरची वेटोळी करून ठेवलेली अर्थ वायर म्हणजे पाच हजार व्होल्ट, संरक्षक कितीही भारी असो.

बाहेरून येणाऱ्या तारेवर, घराच्या तोंडाशीच, गॅस ट्यूबचा संरक्षक बसवता येतो. एक्स्चेंजच्या फ्रेमवर असेच संरक्षक असतात. ड्रॉप वायर खांबावरून लांब येत असेल, शेतातले घर किंवा टेकडीवरचा दवाखाना असेल, तर तो लाइनमनकडून बसवून घ्यावा.

राउटरच्या ॲडॉप्टरकडेही लक्ष द्या. त्याच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांच्यात पाच-सहा मिलिमीटरचे अंतर आणि ३,००० व्होल्टच्या चाचणीतून उतरलेला ट्रान्सफॉर्मर अपेक्षित असतो. फुटपाथवरच्या स्वस्त ॲडॉप्टरमध्ये हे असेलच अशी खात्री नसते. भारतात ॲडॉप्टरला नोंदणी सक्तीची आहे. त्यावर मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो घालून कंपनीचे नाव जुळते का ते बघता येते.

ढग आले की

महाराष्ट्रात विजा सगळ्यात जास्त कडाडतात त्या वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने केलेले ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. ॲप नसले तरी कान आहेत. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा, मगच तारा पुन्हा जोडा.

तारा सोडवण्याचे काम पाऊस दूर असताना करायचे. विजा डोक्यावर आल्यावर तारांना हातच लावू नका, यंत्र गेले तर गेले. सोडवताना आधी फोनची तार भिंतीतल्या रोझेटमधून काढा. नुसती मॉडेममधून काढली तर तिचे मोकळे टोक टेबलावर, कॅबिनेटशेजारीच पडून राहते. मग लॅन केबल काढा आणि शेवटी प्लग सॉकेटातून बाहेर ओढा. गडगडाट चालू असताना तारेच्या फोनवर बोलू नका. कॉर्डलेस किंवा चार्जरला न लावलेला मोबाइल चालेल.

लॅपटॉप बॅटरीवर चालवला म्हणजे निर्धास्त, असेही नाही. तो केबलने राउटरला जोडलेला असेल आणि तुम्ही त्यावर बोटे ठेवून बसला असाल, तर जमिनीकडची सर्वांत सोपी वाट तुम्हीच. केबल आधीच काढून ठेवा आणि वाय-फाय वापरा. वाय-फायएवढे स्वस्त विलगीकरण दुसरे नाही. झटका आला तरी राउटरवर थांबतो, संगणकापर्यंत तांबे पोचतच नाही.

ऑफिस, दवाखाना, सोसायटी

हॉटेल आणि रुग्णालयांत ईपीएबीएक्सवरून (अंतर्गत फोन एक्स्चेंजवरून) बिलाची माहिती संगणकात घेण्यासाठी सिरियल केबल टाकलेली असते. ईपीएबीएक्स जिन्याखाली एका फेजवर, संगणक काउंटरवर दुसऱ्या फेजवर. सिरियल पोर्टमध्ये फट नसते, तिची एक तार दोन्ही यंत्रांची जमीन सरळ जोडते. पोर्ट वारंवार जात असेल तर नवे कार्ड घालत बसण्यापेक्षा मध्ये ऑप्टो-आयसोलेटर बसवा.

दोन इमारतींत गच्चीवरून लॅन केबल ओढणे हा दुसरा प्रकार. शिल्डेड केबल घालून दोन्ही टोके अर्थ केली, तर पोर्टमधली १,५०० व्होल्टची फट आपणच पुलाने जोडली असे होते. दोन इमारतींमध्ये तांबे नकोच. दोन मीडिया कन्व्हर्टर आणि मध्ये फायबर एवढा खर्च एका जळालेल्या स्विचपेक्षा फार नसतो.

हौशी मंडळींसाठी

फोनवरचे संभाषण संगणकात घेण्यासाठी जोडीवरून दोन कपॅसिटर टाकून थेट साउंड कार्डला तार जोडणे धोक्याचे आहे. साउंड कार्डची जमीन म्हणजे संगणकाचा अर्थ. लाइनची एक बाजू तिला टेकली की लाइनचा तोल जातो, ५० हर्ट्झची गुणगुण येते आणि रिंगचे व्होल्ट कार्डात शिरतात. मध्ये ६०० ओहमचा एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. ट्रान्सफॉर्मरच्या लाइनकडच्या बाजूला डीसी अडवणारा २५० व्होल्टचा कपॅसिटर लावावा.

रिंग ओळखून दिवा लावणारे आर्डुइनोचे प्रयोग करायचे असतील, तर लाइनकडे कपॅसिटर आणि रोधक, मध्ये ऑप्टोकप्लर, आणि पलीकडे आर्डुइनो. व्हेरोबोर्डवर जोडणी करताना ऑप्टोकप्लरच्या खालच्या तांब्याच्या पट्ट्या कापायला विसरू नका. नाहीतर चिपने ठेवलेली फट बोर्डच बुजवतो. लाइन तपासताना मीटर आधी एसीवर ठेवा. रिंग नसतानाही एक तार आणि अर्थ यांच्यात भरभक्कम एसी दिसला, तर विजेची तार टेकल्याची शक्यता धरा. हात मागे घ्या, महावितरणला आणि टेलिफोन कार्यालयाला कळवा.

फायबर आले म्हणजे झाले?

बरेचसे झाले. काच वीज वाहून नेत नाही, त्यामुळे एक्स्चेंजची जमीन घरात येतच नाही. पण ड्रॉप केबलला बळकटीसाठी अनेकदा पोलादी तार असते. ती बाहेरच क्लॅम्पला अडकवून कापावी, उघडे टोक ओएनटीपर्यंत, म्हणजे फायबरच्या घरातल्या डब्यापर्यंत, आणू नये. ओएनटीच्या फोन पोर्टमधून रिंगचे व्होल्ट आता घरातच तयार होतात, तेव्हा तिथेही ओली बोटे नकोत. आणि त्याच पोर्टवरून अंगण ओलांडून आउटहाउसपर्यंत तांब्याची तार ओढली, तर दोन जमिनींचा खेळ पुन्हा सुरू.

झटका बसून गेल्यावर

एक पोर्ट गेला, बाकीचे चालतात, मग राउटर ठेवून देऊ, असे वाटणे साहजिक आहे. पण ठिणगी उडी मारून गेली की फटीवर कोळशाची बारीक रेघ राहू शकते. पुढच्या ठिणगीला ५,००० व्होल्ट लागत नाहीत. ज्याचा फोनचा किंवा लॅनचा पोर्ट जळला आहे ते यंत्र आणि त्याचा ॲडॉप्टर ई-कचऱ्यात द्या. नंतर लाइनवर खरखर येऊ लागली किंवा नेट तुटू लागले, तर संरक्षक काढून थेट जोडून बघा. मार खाल्लेला संरक्षक अनेकदा गळू लागतो. तो बदलल्यावर त्यावर तारीख लिहून ठेवा.

खर्चाचा क्रम असा ठेवा. तारा सोडवण्याची सवय आणि वाय-फाय, दोन्ही फुकट. त्यानंतर अर्थिंग, कारण ते माणसाच्या जिवासाठी आहे. मग वीज आणि फोन एकत्र सांभाळणारा संरक्षक. फायबर मिळत असेल तिथे तांबे सोडून द्या. उलट्या क्रमाने गेलात, अर्थ नसलेल्या सॉकेटात महागडा संरक्षक लावलात, तर पुढच्या वळवात तुम्ही दुरुस्तीवाल्याच्या काउंटरवर असाल.